सतरा नंबरचा अंगठा

दयानंदला त्या रात्री फक्त एक कागद आणायचा होता. दासरहळ्ळीहून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचं, जुन्या मालकाकडून कागद घ्यायचा, परत यायचं. सगळं मिळून तासाभराचं काम. दहापर्यंत येतो, भाकरी झाकून ठेव, असं बायकोला सांगून तो निघाला.

तारीख हवी तर लिहून घ्या. मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४. अमावास्या नव्हती, पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस नाही, वारा नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. जालहळ्ळी क्रॉसला नेहमीसारखी गाड्यांची रांग होती आणि दयानंद आपल्या जुन्या स्कूटरवर त्या रांगेत उभा होता. डोक्यात एकच विचार: कागद मिळाला तर उद्या सुटलो.

"अण्णा, ही नाळे बा वाली गोष्ट आहे का?" प्रणीतने मध्येच विचारलं.

मल्लेश्वरमच्या आमच्या गच्चीवर आम्ही तिघं बसलो होतो. करंट जाऊन अर्धा तास झाला होता. प्रणीत आणि सौम्या ही माझी नातवंडं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, ती हेब्बाळला एका कंपनीत एचआर. भुताची गोष्ट त्यांनीच मागितली होती.

"ती नाही," मी म्हणालो. "ती कुठलाही रिक्षावाला सांगेल. दारावर 'नाळे बा' लिहायचं, म्हणजे उद्या ये. भूत ते वाचतं आणि निमूट परत जातं. लोक भुतासाठी दारावर लिहितात, तेच इथले मालक कामगाराला तोंडावर सांगतात, आणि तोही निमूट परत जातो. चौतीस वर्षं पेपरात कामगारांच्या बातम्या केल्या मी. नाळे बा रोज ऐकलंय."

"झालं, अण्णांचं भाषण सुरू," सौम्या म्हणाली.

"भाषण नाही. दयानंद माझ्या ओळखीचा माणूस आहे. चिक्कोडीकडचा. हे त्याने स्वतः मला सांगितलं, आणि शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो फोन ठेव आधी. कसा उघडतेस गं तो?"

"थंबने."

"सरी, ठीक आहे. मग ऐक."

पीण्यात एक शेड होती. नळ आणि नळाच्या तोट्या पॉलिश करायची. त्याला बफिंग म्हणतात. कापडाचं चाक जोरात फिरत असतं, त्यावर धातू दाबून धरायचा, त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. नागनाथने हे काम सव्वीस वर्षं केलं. दयानंद त्याच्याच गावचा. नागनाथनेच त्याला तिथे चिकटवला होता, टाइमकीपर म्हणून, म्हणजे हजेरी घेणारा.

मालकाचं नाव सांगत नाही. ग्रॅच्युइटीची केस अजून अपिलात आहे आणि माझ्या पेन्शनीत वकील बसत नाही. एवढं सांगतो, की माणूस आपल्यातलाच आहे. घरात मराठी बोलतो. त्याच्या मुलीच्या लग्नात तुम्ही दोघं जेवून आलाय.

"कोण?" दोघांनी एकदम विचारलं.

"पुरणाची होळिगे चांगली होती," मी म्हणालो. "पुढे ऐका."

फेब्रुवारी २०२३ मध्ये मालकाने हजेरीची वही बंद केली आणि फाटकाच्या आत, भिंतीवर, थंब मशीन बसवलं. सगळ्यांचे अंगठे दयानंदनेच त्यात भरले. नागनाथचा नंबर सतरा. आठ-दहा वेळा दाबून त्याचा अंगठा कसाबसा आत गेला, पण त्यानंतर मशीनने तो कधीच ओळखला नाही. त्यात बाईचा आवाज असतो. अंगठा ओळखला तर थँक यू. नाही ओळखला तर प्लीज ट्राय अगेन.

सव्वीस वर्षं चाकावर धातू दाबणाऱ्याच्या अंगठ्यावर रेषा राहतील कशा? नळाबरोबर तोही पॉलिश होतो. आणि बधिर होतो. नागनाथ उकळत्या चहाचा पेला सरळ धरायचा. त्याला काही लागायचंच नाही.

"अशा केसला सोय असते, अण्णा," सौम्या म्हणाली. "अॅडमिन मॅन्युअल एंट्री करतो."

"शाबास. तीच सोय तिथेही होती. टाइमकीपरने त्या माणसाचा नंबर दाबायचा आणि काचेवर आपला अंगठा ठेवायचा. हजेरी लागते. दयानंदने दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी मालकाने बोलावून सांगितलं, मशीन म्हणेल ते खरं, तू मध्ये पडू नको."

"पण का?"

"जुना माणूस, जास्त पगार. काढला तर सव्वीस वर्षांची ग्रॅच्युइटी द्यावी लागते. तो आपणहून यायचा बंद झाला, तर भानगडच मिटली. तुमच्या एचआरमध्ये याला काय म्हणतात?"

सौम्याने मांडीवरचा फोन उलटा केला.

नागनाथ रोज यायचा. आठला दहा मिनिटं असताना. अंगठा लावायचा. बाई म्हणायची, प्लीज ट्राय अगेन. तो पुन्हा लावायचा, मग दयानंदकडे बघायचा. दयानंद खाली बघायचा. मग नागनाथ आत जायचा, आपल्या चाकामागच्या खिळ्याला डबा अडकवायचा आणि काम सुरू करायचा. असे अठ्ठ्याहत्तर दिवस. पगार मागितला की मालक म्हणायचा, मशीनचा प्रॉब्लेम आहे, स्वल्प थांब, नाळे बा. एकोणऐंशीव्या दिवशी फाटकावर नोटीस लागली. सतरा नंबर न कळवता गैरहजर, सबब कामावरून कमी.

"सगळे त्याला बघत होते ना पण?" प्रणीत म्हणाला.

"सगळे. मालकसुद्धा. रोज गुड मॉर्निंग म्हणायचा त्याला."

नागनाथ कामगार कचेरीत गेला. तिथे साक्षीला टाइमकीपर हवा. नेमका तेव्हाच दयानंदही ती नोकरी सोडत होता आणि त्याचा चार महिन्यांचा पगार मालकाने अडवून धरला होता. मालकाने टेबलावर दोन कागद ठेवले. एक दयानंदच्या पैशाचा. दुसऱ्यावर टाइप केलेलं, की त्या अठ्ठ्याहत्तर दिवसांत नागनाथ कामावर आला नाही, हे मी टाइमकीपर या नात्याने सांगतो. खाली सही. सहीखाली डाव्या अंगठ्याचा ठसा, पक्कं काम. दयानंदने एका कागदावर सही-अंगठा केला आणि दुसरा खिशात घातला.

नागनाथला हे कळलं तेव्हा तो भांडला नाही. कचेरीच्या जिन्यात दोघं समोरासमोर आले. नागनाथ एवढंच म्हणाला, "दया, तुझा तरी उमटला."

पुढच्या वर्षी उगादीच्या दुसऱ्या दिवशी, कचेरीतून आणखी एक तारीख घेऊन परत येताना, नागनाथ बसस्टॉपवर टेकला. दोन बस गेल्या. तिसरी आली तेव्हा कुणीतरी त्याला हलवलं...

केस बायकोच्या नावावर पुढे चालू राहिली. कस्तुराबाई. लग्गेरेला एका खोलीत राहते आणि एका मेसला चपात्या लाटून देते. तिची तारीख लागली वीस नोव्हेंबर. त्या दिवशी दयानंदने उभं राहून, तिच्या समोर, माझा कागद खरा आहे असं म्हणायचं होतं. म्हटलं, तर ती बाई रिकाम्या हाताने घरी जाणार. नाही म्हटलं, तर खोटी साक्ष दिली म्हणून दयानंदच्याच मानगुटीवर. आठवडाभर त्याचा डबा तसाच परत येत होता.

आणि एकोणीस तारखेला दुपारी तिचा फोन आला. नागनाथ गेल्यापासून पहिल्यांदाच.

"भाऊजी, काल राती मालक आल्तं."

"मालक? तुमच्याकडं?"

"व्हय. उंबऱ्यावरच बसलं. आत या म्हटलं तर न्हाई आलं."

"काय म्हणाले?"

"कागद तयार हाय म्हणालं. दयाला उद्या राती नऊला, म्हंजे आजच, शेडवर लावून दे म्हणालं. एकट्यालाच."

"रागात होते का?"

"न्हाई. दमल्यालं दिसत हुतं."

भाजी काय आणली ते सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं आणि फोन ठेवला.

दयानंदच्या छातीवरचा दगड उतरला. मालक घाबरला, त्याला वाटलं. बाईला काहीतरी देऊन केस मिटवतोय. मिटली तर उद्याची साक्षच नको. मालकाला फोन करून विचारावं, असंही मनात आलं. पण असले सौदे फोनवर बोलत नाहीत, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

नऊला पाच कमी असताना तो शेडजवळ पोचला.

फाटकाला कुलूप होतं. पण मोठ्या फाटकात एक छोटा दरवाजा असतो, तो नुसता लोटलेला. मालकाची गाडी दिसत नव्हती. मालकाने मशिनरी दाबसपेटला हलवल्याचं त्याने ऐकलं होतं, पण ऑफिस इथेच असेल असं त्याला वाटत होतं. तो वाकून आत शिरला.

"सर..."

शेड रिकामी होती. पत्र्याच्या फटींतून रस्त्यावरचा उजेड आत पडला होता. चाकं उचलून नेली होती. जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे राहिले होते, रांगेने. ऑफिसच्या खोलीला दारही नव्हतं. दयानंदने मालकाला फोन लावला.

"एन दयानंद, काय रे या वेळेला?" मागे टीव्ही चालू होता.

"सर, मी आलोय. शेडवर. तो कागद..."

"कुठला कागद?"

"तुम्ही काल कस्तुराबाईंच्या घरी गेला होता ना. त्या म्हणाल्या, की..."

"मी? त्या बाईचं घर कुठे आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही." टीव्हीचा आवाज बारीक झाला. "हे बघ, उद्या बरोबर दहाला ये. इस्त्रीचा शर्ट घाल. कागदात आहे तेवढंच बोल. आणि आत्ता घरी जा. अंधारात काय करतोस तिथे? जुलैपासून करंट कापलाय तिथला."

फोन बंद झाला.

आणि दयानंदच्या डाव्या हाताला, भिंतीवर, हिरवा उजेड पडला.

थंब मशीन. अजून तिथेच होतं. त्याची काच आतून उजळली होती. तळहाताएवढा उजेड.

मी थांबलो. गल्लीत कुणाचा तरी जनरेटर सुरू होता, तो बंद पडला. प्रणीत सौम्याच्या जवळ सरकला आणि मच्छर चावतात म्हणाला.

दयानंदने त्या उजेडावरची नजर काढली नाही. तसाच त्याने दुसरा फोन लावला.

"वहिनी... काल कोण आलं होतं?"

पलीकडे लाटणं फिरत होतं. मेसच्या चपात्या चालल्या होत्या. ते थांबलं.

"सांगितलं की. मालक."

"कोण मालक?"

"मालक म्हंजे मालक, भाऊजी..."

 त्याला कळत कसं नाही, असं तिला वाटलं असावं.

"आमचं."

  मग लाटणं पुन्हा फिरायला लागलं.

"म्हणजे... नवरा?" सौम्याने अगदी हळू विचारलं.

"आपल्याकडे म्हणत नाहीत, म्हणून तुला नवीन. त्यांच्या गावाकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मालक म्हणते. दयानंदची आई त्याच्या बापाला मालकच म्हणायची. लहानपणापासून ऐकलेला शब्द. पण पीण्यात वीस वर्षं काढली, की मालक म्हटल्यावर माणसाला पगार देणाराच आठवतो. किंवा न देणारा. आणि तिने 'दयाला लावून दे' म्हटलं होतं, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला दया कोण म्हणायचं? मालक दयानंद म्हणायचा. बाकीचे टाइमकीपर म्हणायचे. दया म्हणणारा एकच होता."

त्याला ते तेव्हा आठवलं. तिथे. उभ्या जागी.

आधी वास आला. बफिंगच्या चाकाला साबणासारखी लाल वडी लावतात. ती तापली की एक जळका वास येतो. शेडमध्ये चाक नव्हतं, वडी नव्हती. वास होता.

मग काचेवरचा उजेड लाल झाला.

प्लीज ट्राय अगेन.

मशीनसमोर कुणी नव्हतं.

उजेड हिरवा झाला. थोडा वेळ गेला. कुणीतरी अंगठा पँटला पुसून पुन्हा लावायला जेवढा वेळ लागेल, तेवढा.

लाल.

प्लीज ट्राय अगेन.

मग काही नाही. हिरवा उजेड नुसता थांबलेला. दयानंदला ती थांबण्याची वेळ ओळखीची होती. दोनदा नाही म्हटल्यावर नागनाथ थांबायचा. आणि त्याच्याकडे बघायचा.

दयानंदने सवयीने खाली बघितलं...

मी त्याला विचारलं होतं, अरे, पळून का नाही आलास? दार उघडं होतं. सहा पावलांवर.

तो म्हणाला, "पळावंसं वाटलं नाही, साहेब. भीती वाटायला पाहिजे होती. काहीच वाटत नव्हतं."

तो मशीनसमोर गेला. एक दाबला. सात दाबला. काचेवर डावा अंगठा ठेवला. उजवा हात नेहमी लिहायला मोकळा ठेवायचा, म्हणून मशीनमध्ये त्याचा डावा अंगठा भरलेला होता.

काच गार होती.

मग वरून काहीतरी आलं. त्याच्या अंगठ्यावर. दुसरा अंगठा. त्याला खडबडीत काही लागलं नाही, ऊब लागली नाही. काचेवर काच ठेवल्यासारखं. त्या अंगठ्याने हळूच खाली दाबलं...

थँक यू.

उजेड हिरवा. दाब सुटला. त्याने हात मागे घेतला. त्याला वाटलं, झालं.

प्लीज ट्राय अगेन.

एक. सात. अंगठा. वरून तो दाब.

थँक यू.

प्लीज ट्राय अगेन.

एक. सात.

तेव्हा त्याला कळलं, की किती वेळा.

तो टाइमकीपर होता. मोजणं त्याचं काम. तो मोजत राहिला. दहा झाले. वीस झाले. खिशात फोन वाजला, बायकोचा असेल. तिसाव्या वेळी त्याच्या अंगठ्यात कळ होती. चाळिसाव्या वेळी कळ नव्हती. पुढे अंगठाच नव्हता, म्हणजे दिसत होता, पण आपला वाटत नव्हता. नंबर. काच. दाब. थँक यू. प्लीज ट्राय अगेन. कुणी ओरडलं नाही. कुणी श्वास घेतला नाही. सत्तर...

सत्त्याहत्तर...

अठ्ठ्याहत्तर.

थँक यू.

यानंतर काही आलं नाही.

काच विझली. अंधार. त्या अंधारात त्याच्या जवळून चपला आत गेल्या. बाहेर नाही, आत. घाई नाही. रोज कामावर जाताना जातात तशा. तिसऱ्या रांगेच्या टोकाला थांबल्या.

आणि खिळ्याला डबा अडकवल्याचा आवाज आला.



"घरी किती वाजता गेला तो?" शेवटी प्रणीतने विचारलं.

"पाऊण वाजता. भाकरी झाकलेली होती. खाल्ली नाही. भिंतीला टेकून बसून राहिला."

सकाळी दहाला मी कामगार कचेरीत होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. रिटायर झालो तरी असल्या तारखांना मी जाऊन मागच्या बाकावर बसतो. तेवढाच एखादा अधिकारी सरळ बसतो. कस्तुराबाई भिंतीकडेला उभी होती. मालक वकिलाबरोबर पुढे बसला होता. दयानंद आला. कालचाच शर्ट, चुरगळलेला. वकिलाने त्याच्याकडे बघून कपाळाला आठी घातली.

अधिकाऱ्याने विचारलं, हा कागद तुमचा? खरा?

"कागद माझा," दयानंद म्हणाला. "खोटा आहे. नागनाथ अठ्ठ्याहत्तर दिवस रोज आला. आठला दहा कमी असताना. मी बघितलं. मी त्याची हजेरी लावू शकत होतो, लावली नाही. मग माझा पगार सोडवायला हे लिहून दिलं."

हे त्याने कसं म्हटलं, विचारा. रडला नाही. आवाज चढला नाही. त्या मशीनच्या आवाजात म्हटलं.

मालक उठून काहीतरी बोलायला लागला. वकिलाने त्याला खाली बसवलं. मी कस्तुराबाईकडे बघितलं. तिने पदरही तोंडाला लावला नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. अकराला तिच्या चपात्या सुरू व्हायच्या होत्या.

नवा जबाब लिहून झाला. दयानंदने सही केली. कारकून म्हणाला, जुन्यावर अंगठा आहे, याच्यावरही पाहिजे. शाईची डबी पुढे केली. दयानंदने डावा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर ठेवला, उचलला.

कारकुनाने वाकून बघितलं. "इन्नोम्मे," तो म्हणाला. पुन्हा एकदा.

दयानंदने पुन्हा ठेवला.

"इन्नोम्मे."

तिसऱ्या वेळी कारकुनाने स्वतः त्याचा अंगठा धरला, शाईवर फिरवला, कागदावर फिरवला. बघितलं. मग त्याने फडक्याने तो अंगठा पुसला आणि ट्यूबलाइटकडे वळवून धरला. एकदा अंगठ्याकडे बघितलं, एकदा दयानंदच्या तोंडाकडे. आणि हात चटकन सोडून दिला, गरम भांडं सोडतात तसा. मग त्याने आपली बोटं शर्टाला पुसली.

मालकाचा वकील उठला. म्हणे, ठसे जुळत नाहीत, हा माणूस तोच कशावरून? म्हणजे अठ्ठ्याहत्तर दिवस अंगठा जुळत नाही म्हणून नागनाथ खोटा, आणि आता अंगठा जुळत नाही म्हणून दयानंदही खोटा. मी मागून काय बोललो ते तुमच्या आजीला सांगू नका. मला शिपायाने बाहेर काढलं. अधिकाऱ्याने मात्र सहीवर जबाब घेतला. त्याचा तेवढा एक उपकार.

मार्चमध्ये अठ्ठ्याहत्तर दिवसांचा पगार कस्तुराबाईच्या खात्यात जमा झाला. व्याज नाही, माफी नाही, बातमी नाही. मी लिहून पाठवलं होतं, माझ्याच जुन्या पेपरात. नळाच्या जाहिराती येतात त्यात.

"आणि ती?" सौम्याने विचारलं. "तिला ते परत दिसले का?"

"मी लग्गेरेला गेलो होतो. विचारलं, बाई, मालक पुन्हा आले का? ती लाटतच होती. म्हणाली, 'न्हाई. आता कामावर लागल्यात न्हवं.'"

प्रणीतने हसायचा प्रयत्न केला. "अण्णा, हे सगळं दयानंदने सांगितलेलं. टेन्शनमध्ये होता तो. झोप नाही, जेवण नाही. मशीनमध्ये बॅटरी असते."

"असते. मी विकणाऱ्याला विचारलं. तीन तास चालते. जुलै ते नोव्हेंबर चालत नाही. पण सोड. मी मानलं तुझं. त्याला भास झाला."

मी शर्टाच्या खिशातून घडी काढली आणि उलगडून चटईवर ठेवली. कचेरीतून अर्ज करून, रीतसर फी भरून आणलेल्या दोन झेरॉक्स. तुम्ही गोष्ट मागणार आणि शेवटी पुरावा मागणार, हे मला ठाऊक होतं. सौम्याने टॉर्च लावली.

पहिला कागद सप्टेंबर २०२३ चा. खोटा. खाली दयानंदची सही, त्याखाली डावा अंगठा. एक एक रेष मोजून घ्यावी इतका स्वच्छ. मधला भोवरासुद्धा दिसतो.

दुसरा वीस नोव्हेंबरचा. सही तीच, तेच वळण, शेवटची तीच वेलांटी. त्याखाली तीन ठसे, एकाशेजारी एक. तिन्ही काळे, लंबगोल, सपाट. शाईत बुडवलेला गोटा टेकवावा तसे. कुठेही एक रेष नाही.

सौम्याने टॉर्च जवळ नेली. मग आणखी जवळ. मग तिने स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघितला आणि मुठीत मिटून घेतला.

"आता कुठे असतो तो?" प्रणीतने विचारलं. "काय काम करतो?"

"दासरहळ्ळीला एका गोदामात आहे. स्टोअरकीपर."

"हाताने घासायचं वगैरे काम...?"

"नाही," मी म्हणालो. "लिहितो. दिवसभर पेन धरतो. तेही उजव्या हाताने."